पार्टटाइम पगाराची बोलणी: आधी तास, मग रेट

आमच्या इंदूरला देवास नाक्याकडच्या गोडाऊनांत पहाटे पार्सल सॉर्टिंगला जाणारी आपली बरीच मुलं आहेत, कोणी कॉलेजचं, कोणी दुपारी दुसरीकडे कामाला, आणि युनियनची मॅनेजमेंटशी बोलणी सुरू झाली की सगळ्यात आधी यांचाच मुद्दा मागे पडतो. म्हणून लिहितोय.

आधी तास पक्के करा. मी होतो तिथे ताशी 70 चे 80 झाले, आम्ही पेढे वाटले, आणि पुढच्याच महिन्यात चार तासांची शिफ्ट तीनवर आली, म्हणजे रोजचे 280 मिळायचे ते 240 झाले! तेव्हा मागणीपत्रात स्पष्ट लिहा की कामावर बोलावलं की इतक्या तासांचे पैसे मिळणारच, मग गाडी उशिरा येवो नाहीतर माल कमी असो. अमेरिकेत यूपीएस या पार्सल कंपनीच्या पार्टटाइमवाल्यांना करारातच रोज साडेतीन तासांची गॅरंटी आहे.

दुसरं, जुन्या लोकांना विसरू नका. यूपीएसच्या कामगारांच्या टीमस्टर्स युनियनने 2023 मध्ये नव्या पार्टटाइमवाल्यांची सुरुवात ताशी 21 डॉलरवर आणली, पण आधीपासून असलेल्यांना त्याच वर्षी 2.75 डॉलर वाढ, आणि तरी 21 पेक्षा कमी पडत असेल तर सरळ 21, हेही लिहून घेतलं. नाहीतर नवा मुलगा जुन्याच्या वर जातो आणि युनियनमध्येच भांडणं लागतात.

बोलणीला जायच्या आधी महिनाभर एक वही ठेवा, कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता सुटलं, गेटवर तपासणीच्या लाइनीत किती मिनिटं गेली. पगाराच्या स्लिपांचे फोटो काढून ठेवा. मॅनेजरसमोर वही उघडली की "असं काही होत नाही" म्हणायची सोय राहत नाही.

पार्टटाइमवाल्यांना मेंबर कराच. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार जिच्याकडे, तिलाच एकटीला बोलणी करता येतात, मग ही मुलं बाहेर ठेवून तो आकडा गाठणार कसा?

आणि सही कुठे करताय ते बघा. आपसात केलेला समझोता फक्त दोन्ही पार्ट्यांना बांधतो, पण सुलह अधिकाऱ्याच्या, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मध्यस्थीत झालेला तिथल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, युनियनमध्ये नसलेल्यांनाही. श्रमायुक्तांचं ऑफिस आपल्या इंदुरातच आहे, एक चक्कर मारायला काय जातं. इथली हुकुमचंद कापड मिल 1992 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा चेक निघायला डिसेंबर 2023 उजाडला, आपल्या कित्येक घरांनी हे सोसलंय, त्यामुळे तोंडी आश्वासनावर उठून येऊ नका.

सही करायच्या आधी मसुदा सगळ्यांना वाचून दाखवा, आणि ती मीटिंग पहाटेची शिफ्ट सुटल्या सुटल्या गेटबाहेर चहाच्या ठेल्यावरच घ्या, संध्याकाळी ठेवली तर पार्टटाइमवाले दुसऱ्या कामावर असतात.