थायरॉइडच्या साध्या गाठी: या चुका टाळा

मानेची सोनोग्राफी भलत्याच कारणाने केलेली असते आणि रिपोर्टात थायरॉइडची, म्हणजे गळ्यातल्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीची, गाठ निघते. घरात कुजबुज सुरू होते. खरं तर अशा शंभरातल्या नव्वदहून जास्त गाठी कर्करोगाच्या नसतात. गोंधळ होतो तो पुढे.

"टीएसएच नॉर्मल आलंय, म्हणजे काही नाही." असं नसतं. टीएसएच या रक्ततपासणीवरून ग्रंथीचं काम कळतं, गाठ कळत नाही. ते कमी आलं, तर गाठच जादा हार्मोन बनवत असेल. मग सुईने गाठीचा नमुना घेण्याआधी, गाठ हार्मोन बनवते का हे दाखवणारा स्कॅन करतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर आकडा फसवा येऊ शकतो.

"सुई लावली की गाठ चिघळते" हे तर घरोघरी ऐकू येतं. या भीतीपायी माणसं वर्षवर्ष तपासणी टाळतात. सुई बारीक असते, काम काही मिनिटांचं. प्रत्येक गाठीला ती लागतही नाही. सोनोग्राफीतलं रूप आणि आकार बघून डॉक्टर ठरवतात. रिपोर्ट मात्र नीट वाचा. सुईच्या नमुन्याला त्यात 'बेथेस्डा' नावाचा क्रमांक दिलेला असतो. 'बेथेस्डा 2' म्हणजे साधी गाठ. 'बेथेस्डा 1' बघून काही जण जास्तच खूश होतात! त्याचा अर्थ नमुना अपुरा आला, सहसा तपासणी पुन्हा करायची.

गाठ विरघळावी म्हणून थायरॉइडची गोळी? पूर्वी सर्रास देत. टीएसएच नॉर्मल असताना आता सहसा देत नाहीत: फायदा थोडा, धडधड आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका जास्त. ज्यांना हार्मोन कमी म्हणून गोळी चालू आहे, त्यांनी ती मनाने सोडू नये.

जुना रिपोर्ट हरवणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. मागच्या वेळी 14 मिलिमीटर, आता 15, लगेच "वाढली!" एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. लांबी, रुंदी, जाडी यांपैकी किमान दोन मापांत 20 टक्के आणि निदान 2 मिलिमीटर वाढली, तर ती वाढ धरतात. शक्यतो एकाच ठिकाणी सोनोग्राफी करा, जुनी फाइल सोबत न्या.

उपचारांची घाईही नको. गिळताना अडकतं, श्वासाला त्रास होतो किंवा गाठ फार मोठी आहे, तेव्हा ऑपरेशनचा विचार होतो. बऱ्याचदा अर्धीच ग्रंथी काढतात, तरी काहींना पुढे गोळी लागते. पाण्याची गाठ नुसती उपसली तर पुन्हा भरते, म्हणून तीत अल्कोहोलचं इंजेक्शन देतात. घट्ट गाठ रेडिओफ्रिक्वेन्सीने (विद्युत लहरींच्या उष्णतेने) आतून जाळून आक्रसवता येते, पण ती साधी असल्याची सुईने खात्री झाल्यावरच.

आवाज बसून सुटतच नसेल किंवा गाठ थोड्या आठवड्यांत भराभर वाढली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.