बाहेरचा दरवाजा: सागवान की फ्लश डोअर?

पावसाळ्यात मुख्य दरवाजा फुगून चौकटीला घासतो. नवा घेताना आधी झड कुठवर येते ते बघा.

१. झड थेट लागत असेल तर मुरलेलं सागवान. ओलावा १२ ते १४ टक्के असावा, मीटर लावूनच घ्या.

२. वर छज्जा असेल तर बीडब्ल्यूपी ग्रेडचा (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या गोंदाचा) फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचा दरवाजा, पुरतो, वाकतोही कमी. एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा) घरातल्या खोल्यांसाठी. बाहेर लावला की पापुद्रे सुटतात.

३. सुतार दरवाजा उंचीला तासतो आणि खालची कड कोरीच राहते. पाणी तिथूनच चढतं! बिजागऱ्या बसवण्याआधी त्या कडेला प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या.

ऐन पावसात घासतो म्हणून रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडते.