लाकडी घराच्या भिंतीला झड लागू नये म्हणून

गिरगावातली खोताची वाडी असो की माझगावची म्हातारपाखाडी, खांब-तुळयांच्या जुन्या घरांना पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त छळतो. नैऋत्येची झड थेट फळ्यांच्या सांध्यांत घुसते. बाहेरच्या भिंतीच्या फळ्या नव्याने बसवायचं काम एप्रिल-मेमध्येच उरका. पहिली सर आली की सुतार मिळत नाही. वास्तू वारसा यादीत असेल तर महापालिकेची परवानगी आधी.

पाणी अजिबात आत येऊ द्यायचं नाही, हा हट्ट मात्र सोडा. थोडं येणारच. ते खाली निथळावं आणि मागे वारा खेळावा, एवढी सोय करायची.

जुन्या फळ्या उतरवून आतलं लाकूड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज रुतलं तर तेवढा भाग बदला; कुजक्या लाकडावर नव्या फळ्या म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात.

मग पाणी अडवणारं पण वाफ सोडणारं ब्रीदर मेम्ब्रेन खालून वर लावत जा. वरचा पट्टा खालच्यावर 150 मिमी चढवा. निळी ताडपत्री इथे नको, ओल आतच कोंडते. त्यावर 25 मिमी जाडीच्या उभ्या रिपा. ही पोकळी वर-खाली उघडी ठेवा आणि तोंडाला जाळी लावा, नाहीतर झुरळं-उंदरांना बिनभाड्याची खोली.

फळ्या तळापासून, जमिनीपेक्षा निदान 150 मिमी वर. पागोळ्यांचे शिंतोडे तिथेच उडतात. प्रत्येक फळी खालच्या फळीवर 30 मिमी यावी. स्क्रू त्या चढावाच्या जरा वर मारा. एकाच स्क्रूत दोन्ही फळ्या अडकल्या तर लाकूड फुगता-आकसताना तडकतं. कापलेल्या टोकांना प्रायमर पाजा. खाऱ्या हवेत स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. लोखंडी खिळा गंजतो आणि सागावर काळे ओघळ सोडतो.

खरी परीक्षा खिडकीची. चौकटीच्या डोक्यावर पत्र्याची पट्टी बसवा: मागची कड वर वळवून मेम्ब्रेनच्या आत, पुढची बाहेर उतरती, दोन्ही टोकं किंचित वर दुमडलेली. मेम्ब्रेन पट्टीच्या पुढून खाली यायला हवं; उलट झालं तर सगळं पाणी भिंतीत. खालच्या पाटाला बाहेर उतार द्या आणि त्याच्या पोटाला कडेलगत खाच मारा, म्हणजे थेंब भिंतीकडे न परतता तिथेच गळतो. पट्टी आणि वरची फळी यांत 8-10 मिमी फट राहू द्या. रंगारी ती हौसेने सिलिकॉनने बुजवेल, तेव्हा जवळ उभे राहा.

शेवटी नळीने पाणी मारून बघा, तेही तळापासून सुरू करून सावकाश वर. वरून सुरुवात केली तर नेमका कुठला सांधा गळतोय ते कळत नाही.