गठाणी भरल्या, आता गाडी कधी काढायची? तासांचा आणि झोपेचा हिशेब

लांब पल्ल्याच्या ट्रकवर कामाचे तास बहुतेक ड्रायव्हर इंजिन सुरू झाल्यापासून मोजतात. चूक तिथेच होते. हिंगणघाटकडे सकाळी सहाला गाडी जिनिंगच्या, म्हणजे कापसाची सरकी काढून गठाणी बांधणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाशी लागते, दुपारभर नंबर येत नाही. मग हमाल गठाणी चढवतात आणि ताडपत्री, दोर, वजनकाटा, बिल्टी (मालाची पावती) होता होता रात्रीचे नऊ वाजतात. लगेच सेल्फ मारला, तर पहाटे तीनला ड्रायव्हर एकवीस तास जागा असतो. सलग सतरा तास जागलेल्याचं भान शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखं मंदावतं, आणि आपल्याकडे कायद्याची हद्द ३० ची आहे. म्हणून तास मोजायचे ते उठल्यापासून. भरणीची वाट पाहणं हेही कामच.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं घालून दिलेलं माप हिशेबाला आजही सोयीचं आहे. रोज ८ तास, लांब पल्ल्यावर जास्तीत जास्त १०. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा. थांबे धरून सगळा दिवस १२ तासांत आटोपायचा, एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे ठेवायचे आणि आठवड्याला एक सुट्टी.

आता हिंगणघाट ते हैदराबाद घ्या, साधारण सव्वाचारशे किलोमीटर. भरलेल्या गाडीची सरासरी ४० ते ४५ धरली की चाकं फिरण्याचेच दहा तास झाले. रात्री नऊला भरणी झाली तर तिथेच झोपा आणि नऊ तासांनी, सकाळी सहाला काढा. दोन ते पाच ही वेळ अंगाला सगळ्यात जड जाते, ती झोपेतच जाऊ द्या. पांढरकवडा मागे टाकून नऊच्या सुमारास आदिलाबाद येतं. तिथे अर्धा तास थांबा, कारण पुढे निर्मलच्या आधी घाट आहे. असे सगळे मिळून दोन तासांचे थांबे धरून संध्याकाळी सहाला पोहोचता. शहरात जड गाड्यांना दिवसा बंदी असते, तेव्हा आत सोडण्याची वेळ निघण्याआधीच फोनवर विचारून घ्या.

“ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) संपेल” म्हणून घाई करू नका. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे या फेरीला तीन. वाटेत अडकलात तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते.

डोळे चुरचुरतात, मागचे दोन किलोमीटर आठवत नाहीत, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाते: यातलं एक जरी झालं तरी थांबा. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर वाऱ्यावर जाते. खिडकी उघडणं, गाणी, तंबाखू यांनी झोप जात नाही. आधी कडक चहा घ्या, लगेच २० मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. चहाचा असर चढायला तेवढाच वेळ लागतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात तर सुस्ती येते. उठल्यावर तोंड धुवा, टायर बघत गाडीला एक चक्कर मारा, मग दहा मिनिटांनी निघा. ही डुलकी फक्त पुढच्या ढाब्यापर्यंत पोहोचवते. रात्रीची झोप तिनं भरून निघत नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते, म्हणून घेण्याआधी मेडिकलवाल्याला विचारा.

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी केबिनमध्ये झोप होतच नाही. बारा ते चार गाडी सावलीत लावा आणि ढाब्यावरच्या खाटेवर पडा. जेवण हलकं ठेवा, भरपेट तर्री नको.

झोपायला गाडी रस्त्याच्या कडेला लावू नका. मागून येणारा उभी गाडी चालती समजून धडकतो. पंप, ढाबा किंवा ट्रकसाठी केलेला थांबाच बघा. हँडब्रेक ओढा, चाकाला लाकडी ठोकळा (गुटका) लावा, डिझेल टाकीला कुलूप घाला. बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवू नका, त्याच्या धुरानं झोपेतच जीव जातो. काच दोन बोटं उघडी ठेवा.

आणि क्लीनरला लायसन नसेल तर “जरा घे” म्हणून स्टेअरिंग देऊ नका. मालकाला २४ तास चाक फिरतं हवं असेल तर त्यानं दुसरा लायसनवाला ड्रायव्हर द्यावा. भरणीला किती वेळ गेला ते बिल्टीच्या मागे तारीख-वेळेसह लिहून जिनिंगवाल्याची सही घ्या. उशीर कुठे झाला हे दाखवायला तोच कागद कामी येतो.