तालुक्यात हिंसाचाराच्या केसेसवर काम करायला येणाऱ्यांसाठी

कौटुंबिक आणि लैंगिक हिंसाचाराच्या केसेसवर तालुक्याला समन्वयक म्हणून रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: पहिला महिना माणसं ओळखण्यात घाला. ठाणे अंमलदार, ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय, आशाताई, पोलीस पाटील. रात्री एखादी बाई दोन लेकरं घेऊन घराबाहेर पडते, तेव्हा ओळखी काढत बसायला सवड नसते.

गावात परकं कुणीच नसतं, हीच मोठी अडचण. पोलीस पाटील नवऱ्याचा चुलता निघतो, सरपंच सासूच्या माहेरच्या. म्हणून कुणाला काय कळू द्यायचं ते तिलाच विचारा. आशाताई घरोघरी जातात, त्यांना सगळ्यात आधी कळतं. पण त्यांना त्याच गावात राहायचं असतं. घाईघाईनं साक्षीदार म्हणून त्यांचं नाव टाकलंत, तर पुढच्या वेळी त्या गप्प राहतील आणि त्यांना बोल लावता येणार नाही. फोनचंही तसंच. बाईचा मोबाइल बहुतेक वेळा घरातला कुणीही उचलतो. फोन कधी करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, हे पहिल्याच भेटीत तिच्याशी ठरवून घ्या.

लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये आधी दवाखाना. गर्भधारणा टाळणारी गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. दवाखाना सरकारी असो की खासगी, अशा वेळी मोफत उपचार देणं त्याला बंधनकारक आहे. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं कुणी म्हणालं तर तिथून हलू नका. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तरही चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, आणि ते तिला ती बोलायला लागण्याआधी सांगायला हवं. विश्वासानं बोलून झाल्यावर तिला हे कळणं फार वाईट. भावकीची बैठक किंवा तंटामुक्त समिती बलात्कार ‘मिटवू’ शकत नाही, हे गावात न कचरता सांगा.

घरातल्या मारहाणीसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यातला घटना अहवाल, म्हणजे काय काय घडलं याची ठरावीक नमुन्यातली नोंद, भरायला शिका. त्यात तारखा लागतात. बाईला विचारलं, ‘कधी मारलं?’ की ती म्हणते, ‘सोयाबीन काढायला आलं होतं, धाकटीला गोवराची सुई द्यायची होती.’ मग धाकटीचं लसीकरण कार्ड मागायचं. त्यावरून महिना सापडतो, कधी कधी दिवससुद्धा. असा एक अहवाल भरायला अख्खी दुपार जाते, ती जाऊ द्या. नीट भरलेला अहवाल असला की तीच कहाणी तिला प्रत्येक टेबलापुढे नव्यानं सांगावी लागत नाही, आणि माझ्या मते समन्वयकाचं खरं काम तेच आहे.

घर नवऱ्याच्या नावावर आहे म्हणजे आपणच निघायला हवं, असं बहुतेकींना वाटतं. याच कायद्याचं कलम 17 तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतं. न्यायालयातला अर्ज निकाली काढायला कायद्यात 60 दिवसांची अपेक्षा आहे, पण तारखांवर तारखा पडतात. त्यामुळे कलम 23 खालचा अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागा. विधी सेवा समितीचा वकील महिलांना उत्पन्न न बघता मोफत मिळतो. संरक्षण आदेश हातात आला की त्याची प्रत ठाण्यात नेऊन पोच घ्या. आदेश मोडणं हा कलम 31 खाली गुन्हा आहे, पण ठाण्यात प्रतच नसेल तर हवालदार ‘बघतो’ म्हणतो.

‘समजूत काढून नांदायला पाठवली’ ही नोंद वहीत यश म्हणून लिहू नका. ती परत गेली असेल तर पुढच्या आठवड्यात भेट ठरवा, तीही घराबाहेर.

निवाऱ्यासाठी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला की सखी वन स्टॉप सेंटरशी, म्हणजे अशा बाईला सगळी मदत एकाच ठिकाणी देणाऱ्या केंद्राशी, जोडून देतात. हे केंद्र सहसा जिल्ह्याच्या गावी असतं, म्हणून रात्रीच्या गाडीची सोय आधीच करून ठेवा. तिथला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. पुढे शक्ती सदन (बायकांसाठीचं सरकारी योजनेतलं निवारागृह), माहेर, की आदेश घेऊन त्याच घरात? पहिल्या रात्री हा विषय काढू नका, तिला झोपू द्या. दुसऱ्या दिवशी मात्र काढाच, कारण शक्ती सदनात जागा आहे का हे विचारायला आणि कागदपत्रं जमवायला उरलेले दिवस कसेबसे पुरतात.