एमी जॉन्सन यांचे 1930 चे उड्डाण पृथ्वीगोलावर कसे आखावे

1930 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकट्याने विमान नेणाऱ्या ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन यांचे चरित्र वाचताना तारखा लक्षात राहतात, पण अंतर नीटसे उमगत नाही. त्यासाठी पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घेऊन बसावे. गोल 30 सेंटिमीटर व्यासाचा असल्यास त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर.

आधी लंडन ते इंग्लंडमधलेच हल शहर एवढा दोरा कापावा. तो अर्ध्या सेंटिमीटरहून जरासाच मोठा, चिमटीतही धरवत नाही असा निघेल. ऑस्ट्रेलियाला निघण्यापूर्वी एमी यांनी एकटीने केलेला सर्वांत लांबचा विमानप्रवास एवढाच होता, म्हणून तो तुकडा जपून ठेवावा.

मग लंडनजवळच्या क्रॉयडनवर ठिपका लावून 5 मे 1930 ही तारीख लिहावी आणि व्हिएन्ना, इस्तंबूल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास, कराची, झाशी, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून, बँकॉक, सिंगापूर, जावा, तिमोर असा दोरा फिरवत ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला 24 मे रोजी थांबावे. दोरा साधारण 37 सेंटिमीटर भरतो. नोंदींतले अंतर, सुमारे 18,000 किलोमीटर, याहून जास्त आहे, कारण दोरा दोन ठिपक्यांमधली सरळ वाटच धरतो. ताशी जेमतेम 135 किलोमीटर वेगाच्या, उघड्या बैठकीच्या, रेडिओ नसलेल्या जिप्सी मॉथ विमानाला व्हिएन्नाच्या पहिल्याच टप्प्याला नऊ तासांहून अधिक वेळ लागणार, हेही तिथेच मांडून पाहावे.

रंगूनच्या ठिपक्यापाशी मात्र घाई करू नये. कराचीपर्यंत एमी, इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकट्याने उडालेले वैमानिक बर्ट हिंकलर यांच्या 1928 च्या विक्रमाहून दोन दिवस पुढे होत्या. रंगूनजवळ इन्सीन येथे मैदानात उतरताना विमान खड्ड्यात गेले, पंखा मोडला, पंखांचे कापड फाटले आणि दुरुस्तीत ती आघाडी गेली. पुष्कळ लेखनात हा प्रसंग अपयश म्हणून येतो. मला ते पटत नाही: विमानाच्या देखभालीचा परवाना डिसेंबर 1929 मध्ये मिळवणारी ही पहिली ब्रिटिश स्त्री, आणि तेच शिक्षण या वाटेवर तिच्या उपयोगी पडले. म्हणून प्रत्येक ठिपक्याशेजारी तारखेबरोबर काय मोडले आणि ते कशाने सांधले, हेही लिहावे.

शेवटी थेम्स नदीच्या मुखाशी एक पोकळ वर्तुळ काढून 5 जानेवारी 1941 लिहावे. युद्धकाळात विमान पोहोचवताना एमी तिथे पाण्यात पडल्या आणि त्यांचा देह सापडला नाही. गोलावर हे वर्तुळ क्रॉयडनच्या ठिपक्यापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर येते.