मृगाच्या आधी: घरच्या गॅरेजमधील हत्यारांची देखभाल आणि एक कोरडे कपाट

कोकणातल्या घरच्या गॅरेजमध्ये हत्यारे वापरून झिजतात त्याहून कितीतरी अधिक पडून राहून खराब होतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज वेगाने चढू लागतो, आणि पावसाळ्यात ती दिवसेंदिवस नव्वदीच्या आसपास असते. त्यामुळे देखभालीचे वेळापत्रक यंत्रासोबतच्या पुस्तिकेपेक्षा पंचांगावरून ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे. जूनच्या 7-8 तारखेला मृग नक्षत्र लागते. त्याआधी, मे महिन्याच्या कडक उन्हात मिळणारे तीन-चार शनिवार-रविवार या कामासाठी राखून ठेवावेत. पुढे दिलेला क्रम मी स्वतः पाळतो: आधी वीज, मग गंज, मग धार, मग यंत्रे, आणि सर्वांत शेवटी या सगळ्याला पावसाळाभर सांभाळणारे कपाट.

विजेचे काम थोडक्यात उरकते, परंतु ते टाळू नये. गॅरेजच्या सॉकेटना 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, जोडलेला आहे का हे पाहावे आणि त्यावरील चाचणीचे बटण दाबून तो खरोखर पडतो का हे तपासावे. न पडल्यास इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ओल्या फरशीवर उभे राहून कोणतेही यंत्र चालवू नये. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीवर खिळवावा. गॅरेजमध्ये दुचाकी किंवा पेट्रोलचा कॅन असेल तर ग्राइंडर चालवण्यापूर्वी तो बाहेर काढावा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि ठिणग्याही तिथेच पडतात.

गंज काढण्यासाठी पहिला हात तारेच्या ब्रशकडे जातो. वरवरच्या गंजाला तो पुरेसा आहे, मात्र पान्यांच्या खाचा, व्हाइसचे (वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याचे) आटे, जुन्या रंध्याची पाती अशा ठिकाणी ब्रश पोहोचत नाही आणि जोर लावल्यास चांगल्या धातूवर ओरखडे उठतात. अशा वस्तूंसाठी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे पांढरे दाणे, हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे. एक लिटर पाण्यात 50 ते 100 ग्रॅम दाणे विरघळवून प्लास्टिकच्या टबात वस्तू पूर्ण बुडेल असे द्रावण करावे. त्याआधी वस्तूवरचे तेल आणि ग्रीस भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन काढणे आवश्यक आहे, कारण तेलकट जागी अ‍ॅसिड काम करत नाही आणि नंतर डागाडागांचा चित्ता तयार होतो. दर दोन तासांनी वस्तू बाहेर काढून नायलॉनच्या ब्रशने घासून पाहावी. हलका गंज तीन-चार तासांत सुटतो, जुना रात्रभर घेतो. त्याहून अधिक काळ ठेवू नये, कारण गंज संपला की अ‍ॅसिड खालचे पोलाद खाऊ लागते. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू या द्रावणात अजिबात घालू नयेत. मुलामाच विरघळून जाईल. हातमोजे आणि चश्मा घालूनच काम करावे.

द्रावणातून काढल्यानंतरची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. स्वच्छ धुतलेले पोलाद हवेत नुसते ठेवले तर डोळ्यांदेखत पिवळसर होऊ लागते. म्हणून वस्तू लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढावी, साध्या पाण्याने धुवावी, फडक्याने पुसून मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा हेअर ड्रायरखाली पूर्ण सुकवावी आणि हाताला गरम लागत असतानाच शिलाई मशीनचे पातळ तेल लावावे. गरम धातूवर तेल सहज पसरते आणि बारीक भेगांतही शिरते. जवसाचे तेल मात्र इथे वापरू नये. ते हवेत वाळून घट्ट होते, म्हणून लाकडी मुठींना ते उत्तम, पण व्हाइसच्या आट्यांत घातले तर काही महिन्यांत आटे चिकटून बसतात. पुण्यात दर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून मी आणलेली एक जड बेंच व्हाइस याच कारणाने जाम झालेली होती. आधीच्या मालकाने तिला काय पाजले होते कोण जाणे, पण रॉकेलमध्ये दोन दिवस भिजल्यावर ती फिरू लागली आणि आज ती माझ्या टेबलावरची सर्वांत भक्कम वस्तू आहे.

आता धार. या कामाला मी एक अख्खा रविवार देतो, कारण बोथट पटाशीला, म्हणजे लाकूड तासण्याच्या छिन्नीला, जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली पटाशीच हात कापते. सामग्री फारशी लागत नाही: दोन बाजूंचा, एक जाड आणि एक बारीक, कार्बोरंडमचा धारेचा दगड, शक्य असल्यास त्याहून बारीक असा एक दगड, जाड काचेचा तुकडा आणि 120 नंबरचा वॉटर पेपर. पहिले काम दगडाचे. वर्षभर मधोमध घासून दगडाला खोलगट पोट आलेले असते आणि अशा दगडावर कितीही वेळ घासले तरी पात्याची कड सरळ होत नाही. काचेवर वॉटर पेपर ओला करून चिकटवावा, दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात आणि सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंत तो त्यावर घासावा. मधल्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला.

त्यानंतर पटाशीची पाठ, म्हणजे उताराच्या विरुद्ध असलेली सपाट बाजू. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग धार का टिकत नाही याचा शोध घेत बसतात. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. त्यांपैकी एक पृष्ठभाग खडबडीत असेल तर रेघ करवतीसारखीच राहणार. पूर्ण पाठ आरशासारखी करण्याची गरज नाही, टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर एकसारखे चमकू लागले तरी पुरे, आणि हे काम हत्याराच्या आयुष्यात एकदाच करावे लागते.

उताराचा कोन मोजण्यासाठी कोनमापक शोधायला नको. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन 30 अंशांचा असतो, आणि सुमारे 2.4 पट असेल तर 25 अंशांचा. म्हणजे 4 मिलिमीटर जाडीच्या पटाशीचा उतार 8 मिलिमीटर भरला तर 30 अंश, साडेनऊच्या आसपास भरला तर 25. मऊ लाकडात हाताने तासण्यासाठी 25 अंश चांगले, परंतु सागात किंवा शिसवीत हातोडीने खाच पाडायची असेल तर इतकी बारीक कड तुटते. माझा मार्ग मधला आहे: मुख्य उतार 25 अंशांचा ठेवायचा आणि अगदी टोकाला, बारीक दगडावर पटाशी किंचित उचलून, 30 अंशांची केसाएवढी दुसरी कड द्यायची. पुढच्या वेळी धार लावताना फक्त ही अरुंद कड घासावी लागते, त्यामुळे अर्ध्या तासाचे काम दोन मिनिटांवर येते. उतार घासत असताना पाठीकडे बोट हलकेच फिरवून पाहावे. कडेच्या पूर्ण रुंदीवर बारीक खरखर लागली म्हणजे या दगडाचे काम झाले. मग पाठ दगडावर सपाट ठेवून एक-दोन हात मारावेत, म्हणजे ती खरखर निघून जाते. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते मागे ओढावे, जसा न्हावी वस्तरा ओढत असे. लाकडाच्या आडव्या कापाच्या टोकावरून पातळ, सलग साल निघाली तर धार लागली असे समजावे.

ज्यांना घाई असते ते हे काम बेंच ग्राइंडरवर करतात. तसे करण्यास हरकत नाही, मात्र कड निळी पडली तर तेवढ्या भागाचा कडकपणा गेला असे समजावे, कारण पोलादाला निळा रंग 300 अंश सेल्सिअसच्या आसपास येतो आणि तोवर त्याला दिलेले पाणी उतरून गेलेले असते. असा निळा भाग पूर्ण घासून काढण्यावाचून इलाज नसतो. हातमोजा न घालता पाते धरावे आणि बोटांना चटका जाणवताच पाण्यात बुडवावे.

धारेनंतर अँगल ग्राइंडर, कारण घरच्या गॅरेजमधले सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत धोकादायक यंत्र तेच आहे. 100 मिलिमीटरच्या चकतीचा ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. हा आकडा लक्षात ठेवला की गार्ड काढून काम करण्याचा किंवा मोठी चकती बसवण्याचा मोह आपोआप आवरतो. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा अधिकच असली पाहिजे. अनेक चकत्यांच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते, तेही वाचावे. या चकत्या राळेने बांधलेल्या असतात आणि दमट जागी पडून राहिल्या तर त्यांची ताकद कमी होते. मुदत संपलेली, कपचा उडालेली किंवा पाण्यात भिजलेली चकती तोडूनच टाकावी, म्हणजे घरातले दुसरे कोणी ती उचलून लावणार नाही.

यंत्राची देखभाल करताना प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. पाठीमागच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू उघडले की कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, बाहेर येतात. चालू यंत्राच्या खिडकीतून बारीक निळसर ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे. लांब, नारिंगी, गोल फिरणाऱ्या ठिणग्या दिसू लागल्या तर ब्रश संपत आले किंवा कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग, काळा पडला असे समजावे. ब्रशची लांबी 5-6 मिलिमीटरवर आली की दोन्ही एकदमच बदलावेत. एकच बदलण्याची काटकसर अंगाशी येते, कारण दाब विषम पडतो आणि नवा ब्रशही लवकर झिजतो. नवे ब्रश बसवल्यावर यंत्र काही मिनिटे नुसतेच फिरवावे, म्हणजे त्यांची टोके कम्युटेटरच्या गोलाईला बसतात. ड्रिल आणि विजेवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या करवतीलाही हाच नियम लागू आहे. एअर कॉम्प्रेसर असेल तर टाकीच्या तळाचा नळ प्रत्येक वापरानंतर उघडावा. पावसाळ्यात त्यातून निघणारे तांबूस पाणी पाहिले की टाकी आतून कशी सडते हे वेगळे सांगावे लागत नाही.

ढिल्या हातोडीला पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र दिसते आणि ती चुकीची आहे. लाकूड फुगते खरे, पण लोखंडी डोळ्यात त्याला फुगायला जागा नसल्याने त्याचे तंतू चेपले जातात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा अधिक ढिला होतो. योग्य उपाय म्हणजे नवा दांडा. बाभळीचे चांगले वाळलेले लाकूड घ्यावे, ज्याचे तंतू दांड्याच्या पूर्ण लांबीत सरळ गेलेले आहेत. तिरपे तंतू असलेला दांडा आज ना उद्या तिथेच तुटणार. वरच्या टोकाला डोळ्याच्या लांबीच्या दोन-तृतीयांश खोलीची चीर पाडावी, दांडा उलटा धरून त्याच्या बुंध्यावर लाकडी हातोड्याने ठोकावे, म्हणजे डोके स्वतःच्या वजनाने वर चढते, आणि मग चिरेत कठीण लाकडाची पाचर ठोकून वरचा भाग कापावा. दांड्याला जवसाचे तेल पुसून द्यावे. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत: हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडून फडके आपोआप पेटू शकते. ती उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावीत.

राहिले कपाट. 12 मिलिमीटर जाडीचा, आयएस 710 प्रतीचा, म्हणजे ओलीत टिकणारा मरीन, एक 8 बाय 4 फुटांचा प्लाय पुरतो. पाठ आणि दार प्रत्येकी 90 बाय 60 सेंटिमीटर, दोन बाजू 90 बाय 22, आणि वर, खाली व दोन फळ्यांसाठी 57.6 बाय 22 चे चार तुकडे कापून घ्यावेत; गोंद आणि स्क्रू दोन्ही वापरावेत, आणि गोंद लावण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून ते समान आहेत का हे पाहावे. कापलेल्या कडांना व्हार्निश अवश्य द्यावे, कारण प्लाय पाणी पितो तो कडांतून. दाराच्या आतून रबराची पट्टी लावावी. कपाट भिंतीला टेकवू नये, मागे दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्यावी, कारण बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. जांभ्याच्या भिंतीत स्क्रूसाठीचे छोटे प्लग धरत नाहीत, तिथे कपाट सरळ पायांवर उभे करावे.

सर्वांत खालच्या खणात जाळीच्या पिंजऱ्यात 25 वॅटचा जुना पिवळा बल्ब बसवावा, लाकडापासून आणि फडक्यांपासून दूर, आणि फळ्यांना काही भोके पाडावीत, म्हणजे उष्णता वर जाईल. एलईडी इथे कामाचा नाही, कारण आपल्याला प्रकाश नको, उष्णता हवी आहे. 28 अंशांवर 90 टक्के आर्द्रता असलेली हवा पाच अंशांनी तापवली तर तीच आर्द्रता 68 टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतील पाणी तेवढेच राहते, परंतु गरम हवा ते अधिक सहज पेलते. आत एक साधा आर्द्रतामापक ठेवून पहिले आठ दिवस आकडे लिहून पाहावेत आणि साठीच्या वर राहत असतील तर दाराची फट शोधावी. बल्ब नको असेल तर सिलिका जेल ठेवावे, मात्र निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, म्हणून ते स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये तापवून सुकवू नयेत. नारिंगी दाणे घ्यावेत. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी तेल लावलेल्या पटाश्या, रंधे आणि गुण्या या कपाटात गेल्या पाहिजेत, आणि पावसाळ्यात दार फक्त हत्यार घेण्यापुरतेच उघडावे.